‘बाकी’ पाहून क्लासला येणाऱ्या मुलांविषयी: महाराष्ट्रातल्या कराटे, किकबॉक्सिंग आणि ज्युदो प्रशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात कराटे, किकबॉक्सिंग, ज्युदो आणि एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) शिकवणारे सर्व प्रशिक्षक

सप्रेम नमस्कार.

नेटफ्लिक्सवर ‘बाकी’ ही जपानी मारामारीची अ‍ॅनिमे मालिका आल्यापासून क्लासला नाव घालणाऱ्या मुलांचे प्रश्न बदलले आहेत. बेल्ट परीक्षा कधी, हे नंतर. आधी विचारतात: माख पंच, म्हणजे आवाजाच्या वेगाचा ठोसा, खरा असतो का? मानेत बोट घालून डोळ्याची नस तोडता येते का? भिंतीवर ठोसे मारून मूठ दगडासारखी होते का? यावर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘ते कार्टून आहे, डोक्यातून काढून टाक.’ मूल गप्प बसतं आणि घरी गॅलरीच्या भिंतीवर मुठी आपटत राहतं.

आमची विनंती आहे की हे उत्तर देणं थांबवा. मालिका ज्यावरून निघाली ती केइसुके इतागाकी यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, नुसती थाप नाही. त्यातला जवळपास प्रत्येक डाव खऱ्या गोष्टीपासून सुरू होतो, बराच वेळ खऱ्यावर चालतो आणि एका ठरावीक जागी खरं सोडून पुढे जातो. दुखापत त्याच जागी होते. ती जागा बोट ठेवून दाखवणं हे प्रशिक्षकाचं काम आहे, आणि ते करायचं तर मुलं काय बघतात हे आपल्याला मुलांपेक्षा जास्त माहीत हवं.

आधी थोडी माहिती, कारण या मालिकेच्या नावांचा गोंधळ मोठा आहे. ‘ग्रॅप्लर बाकी’ १९९१ मध्ये अकिता शोतेनच्या ‘शूकान शोनेन चॅम्पियन’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि तिचे ४२ खंड झाले. पुढे ‘बाकी’ ३१ खंड, ‘हान्मा बाकी’ ३७, त्यानंतर उच्चार एकच पण लिपी वेगळी अशा दोन ‘बाकी-दो’, २२ आणि १७ खंडांच्या, आणि २०२३ पासून ‘बाकी राहेन’. इतागाकी स्वतः जपानच्या भूदलाच्या छत्रीधारी ब्रिगेडमध्ये होते, बॉक्सिंग आणि शोरिंजी केम्पो शिकलेले आहेत. म्हणूनच त्यांच्या चित्रात उभं राहण्याची पद्धत, वजन कुठल्या पायावर आहे, मूठ कशी वळली आहे, हे बहुतेक वेळा बरोबर असतं. मुलांचा विश्वास बसतो तो यामुळे.

अ‍ॅनिमेची गोष्ट निराळी आहे. १९९४ चा एक ओव्हीए (टीव्हीवर न येता थेट व्हिडिओवर निघालेला भाग), २००१ मध्ये टीव्हीवर २४-२४ भागांच्या दोन मालिका, आणि मग बरीच वर्षं काहीच नाही. २०१८ मध्ये टीएमएस स्टुडिओने २६ भाग केले, २०२० मध्ये आणखी १३, मग ‘बाकी हान्मा’ नावाने २०२१ मध्ये १२ आणि २०२३ मध्ये २७. आपल्याकडची मुलं सुरुवात करतात ती २०१८ पासून, म्हणजे फाशीची शिक्षा झालेले पाच कैदी टोकियोत येतात तिथून. याचा परिणाम फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या ४२ खंडांत नायक बाकी हान्मा याचं लहानपण आहे, डोंगरातला सराव आहे, पराभव आहेत, मोठ्या स्पर्धेतल्या प्रत्येक खेळाडूची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. हे काहीही न बघता मूल थेट अशा ठिकाणी येतं जिथे सगळे आधीच राक्षसी ताकदीचे आहेत. त्याला फळ दिसतं, झाड दिसत नाही. ज्यांना सवड आहे त्यांनी २००१ ची मालिका बघावी. चित्रं जुनी वाटतील, पण शिकवण्याजोगं तिथे जास्त आहे.

आता एकेक डाव घेऊ.

सगळ्यात आधी मूठ, कारण सगळ्यात जास्त हात इथेच मोडतात. दोप्पो ओरोची हा शिन्शिन्काई कराटेचा प्रमुख. त्याचा नमुना म्हणजे क्योकुशिन कराटेचे संस्थापक मासुतात्सु ओयामा. ओयामा बैलांशी लढले, दोप्पो वाघाशी लढतो. ओयामांच्या मुठीमागे जे होतं ते माकिवारा, आणि माकिवारा म्हणजे भिंत नव्हे. ती जमिनीत गाडलेली लवचीक फळी असते. साधारण सात फुटांची फळी घेतली तर दोन-अडीच फूट जमिनीत जाते. बुडाशी जाडी साडेतीन-चार इंच, आणि वर जाताना ती निमुळती होत टोकाला अर्धा-पाऊण इंच उरते. लाकडात गाठ नको, कारण फळी तिथूनच चिरते. ठोसा बसतो त्या जागी पूर्वी भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळत. आता चामडं किंवा दाट फोम लावतात. ती जागा मारणाऱ्याच्या छातीच्या मध्यावर येईल अशी ठेवायची.

सगळं मर्म त्या निमुळतेपणात आहे. ठोसा बसला की वरचं टोक इंच-दीड इंच मागे जातं आणि परत येतं. मुठीचा वेग त्या इंच-दीड इंचात शून्यावर येतो. भिंतीवर हे अंतर जवळपास नसतंच, त्यामुळे त्याच ठोशाचा हाडावर येणारा जोर कित्येक पटींनी वाढतो. मनगट जरा वाकलेलं असेल किंवा ठोसा तर्जनी-मधल्या बोटाऐवजी करंगळीच्या बाजूने बसला, तर करंगळीमागच्या तळहाताच्या हाडाची मान मोडते. ओळखायची खूण अशी: करंगळीच्या मागचा उंचवटा खाली बसलेला दिसतो, आणि मूठ वळताना करंगळी तिरकी होऊन अनामिकेवर चढते. नुसती सूज समजून बर्फ लावून पाठवू नका, एक्स-रे काढायला सांगा. हाड तसंच वाकडं जुळलं तर पकड कायमची बिघडू शकते.

हाडांची वाढ पूर्ण होण्याआधी, म्हणजे ढोबळमानाने सोळा-सतरा वर्षांच्या आत, मूठ टणक करण्याचा कुठलाही सराव देऊ नये. हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या तोवर कूर्चेच्या असतात. या वयाला हाताला पट्टी, वर ग्लोव्ह आणि समोर बॅग एवढंच पुरे. मोठ्यांना माकिवारा द्यायचा तर दिवसाआड, एका हाताला दहा ठोसे, तेही निम्म्या जोराने, आणि प्रत्येक ठोशात फक्त एकच गोष्ट तपासायची: मनगट आणि कोपरापुढचा हात एका रेषेत आहे का. कातडी लाल झाली तर चालेल. सांध्यावर सूज आली, तर ती पूर्ण उतरेपर्यंत बंद. फळी लावल्यावर आधी तळहाताने रेटून बघा. एका हाताच्या रेट्याने वाकत नसेल तर ती अजून जाड आहे, रंधा मारावा लागेल.

मुलांना सगळ्यात जास्त भुरळ घालतो तो कात्सुमी ओरोचीचा माख ठोसा. दोप्पोचा हा दत्तक मुलगा पायाच्या अंगठ्यापासून मनगटापर्यंतचे सगळे सांधे एकाच वेळी झटकतो आणि मूठ आवाजाच्या वेगाने जाते, असं मांगा सांगते. पुढे पिकल या प्रागैतिहासिक माणसाशी लढताना तो शरीरात आहेत त्याहून जास्त सांधे असल्याची कल्पना करतो, आणि त्याचा स्वतःचाच हात त्या वेगाने फाटतो. इतागाकींनी किंमत दाखवली आहे, हे मुलांना आवर्जून सांगा.

यात खरं काय? ठोसा हातात जन्मत नाही, जमिनीतून वर येतो, हे शंभर टक्के खरं. पण सांधे ‘एकाच वेळी’ नाही, एकामागून एक सुटतात. मागचा पाय रेटतो, कंबर वळते, कंबर मंदावू लागते तेव्हा खांदा सुटतो, मग कोपर, शेवटी मनगट. प्रत्येक आधीचा भाग आपला वेग पुढच्याला देतो. सगळं एकदम झटकलं तर हा हस्तांतराचा फायदा जातो आणि ठोसा मंद पडतो. नवशिक्या मुलाच्या ठोशात हीच चूक दिसते: खांदा आणि कंबर एकत्र, एखादं दार बिजागरीवर फिरावं तशी. माख ठोशाची नक्कल केली की ही चूक आणखी पक्की होते.

हे तोंडाने सांगू नका, मोजून दाखवा. आजकाल बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन असतं. भिंतीवर आडवी पट्टी चिकटवून त्यावर दर दहा सेंटीमीटरला खूण करा. फोन पट्टीशी काटकोनात, तीन मीटर लांब, हलणार नाही असा ठेवा. मूल पट्टीच्या अगदी लगत, तिला समांतर ठोसा मारेल. पट्टीपासून दूर उभं राहिलं तर मोजमाप चुकतं. मग फ्रेम मोजा. मुठीने ५० सेंटीमीटर १५ फ्रेममध्ये कापले, तर वेळ झाला १५ भागिले २४०, म्हणजे ०.०६२५ सेकंद; सरासरी वेग सेकंदाला ८ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्या वेगाने हेच ५० सेंटीमीटर दीड मिलिसेकंदात संपतील, आणि आपल्या फोनची एक फ्रेमच चार मिलिसेकंदांची आहे. म्हणजे मूठ एका फ्रेममध्ये इकडे आणि पुढच्या फ्रेममध्ये ठोसा संपलेला. हे स्वतः मोजलेल्या मुलाला वेगळं काही सांगावं लागत नाही. वर त्याला आपला आकडा मिळतो आणि पुढच्या महिन्यात तो वाढवायची ओढ लागते. त्याच चित्रफितीत कंबर आधी वळते की खांदा, हेही दिसतं.

दुसरा डाव जास्त फसवा आहे. चिनी महागुरू काकू काइओ ठोसा येताच शरीर इतकं सैल सोडतो की ठोशाला धरायला काही उरत नाही. ठोशाबरोबर डोकं त्याच दिशेने नेणं ही बॉक्सिंगमधली जुनी, खरी कला आहे. ताठरलेला खेळाडू मंद असतो, हेही खरं. पण मुलं यातून नुसतं ‘सैल राहायचं’ एवढंच उचलतात. ठोसा बसण्याच्या क्षणी मान सैल असेल तर डोकं जास्त वेगाने फिरतं, आणि मेंदूला इजा होते ती मुख्यतः या फिरण्याने. हनुवटी ही त्या फिरण्याची लांब बाजू, म्हणून तिथला हलका ठोसाही पाडतो. ‘बाकी’त हनुवटीवरच्या ठोशाचं वर्णन पुन्हा पुन्हा येतं आणि ते बऱ्यापैकी बरोबर आहे. तेव्हा सांगायचं ते असं: खांदे आणि हात सैल, हनुवटी खाली, ठोसा दिसला की मान घट्ट.

मांगा पुढचं दाखवत नाही. तिथे बेशुद्ध पडलेला माणूस दोन पानांनी उठून पुन्हा लढतो. क्लासमध्ये डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी हरवल्यासारखं झालं, तेच प्रश्न पुन्हा विचारू लागलं, उलटी झाली, डोकं दुखू लागलं, तर त्या दिवशी मॅटवर परत पाठवायचं नाही. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हलकं चालणं, मग स्पर्श नसलेला सराव, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. लक्षणं परतली की एक पायरी मागे. स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, डॉक्टरांनी लेखी सांगितल्यावरच. हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्याच्या मारावर नॉकआउट झालेल्याला किमान ३० दिवस बंदी असते. आपल्या क्लासचा नियम त्याहून सैल असू नये. उलट्या होत राहिल्या, झोपाळूपणा वाढला, बोलणं अडखळलं, तर घरी फोन करत बसू नका, थेट रुग्णालयात न्या.

र्यूको यानागी या कैद्याचा ‘रिकामा तळहात’ अनेकांना निव्वळ जादू वाटतो. तळहातात पोकळी करून तो समोरच्याचं तोंड-नाक झाकतो आणि एका श्वासात माणूस कोसळतो. स्पष्टीकरण देताना मांगा सांगते की ऑक्सिजन सहा टक्क्यांच्या खाली गेलेली हवा एकदा आत घेतली तरी माणूस बेशुद्ध पडतो. तळहाताने अशी पोकळी करता येत नाही. पण सहा टक्क्यांची गोष्ट कामगार-सुरक्षेच्या पुस्तकातली आहे आणि ती खरी आहे. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. फुफ्फुसात शिरलेल्या हवेत तो रक्तातल्यापेक्षा कमी असेल, तर ऑक्सिजन रक्तातून उलटा बाहेर येतो. म्हणून श्वास रोखण्यापेक्षा अशी हवा घेणं कितीतरी जास्त घातक. आपल्याकडे बंद विहिरीत, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, सेप्टिक टँकमध्ये एकामागून एक माणसं जातात ती अनेकदा याच कारणाने. पहिला पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. ग्रामीण भागातल्या क्लासमध्ये हा डाव निघाला, तर पाच मिनिटं काढून हे जरूर सांगा. आणि तोंड-नाक दाबण्याचा खेळ मॅटवर किंवा मॅटबाहेर कधीही नाही, याला अपवाद नाही.

कोशो शिनोगी या मालिकेतल्या लढवय्याची नस तोडण्याची विद्या मात्र इथेच संपवून टाकावी. तो मानेजवळ बोट खुपसून डोळ्याची नस तोडतो आणि बाकीला एका डोळ्याने दिसेनासं होतं. डोळ्याची नस नेत्रगोलाच्या मागून निघते आणि हाडातल्या छिद्रातून थेट कवटीत जाते. ती मानेत येतच नाही. मानेत आहे ती मेंदूकडे जाणारी मोठी धमनी, आणि ती दुभागते तिथला रक्तदाब जोखणारा भाग. तिथे बोट रुतवलं की हृदयाचे ठोके मंदावून मूल घेरी येऊन पडू शकतं. मुलांना वाटतं ‘डाव लागला’. अशी गंमत चाललेली दिसली तर तिथल्या तिथे थांबवा.

गळा आवळण्याचंही तेच. मागून आवळलेला गळा नीट बसला तर माणूस दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपतो, कारण दोन्ही बाजूंच्या धमन्या बंद होतात. श्वासनलिका दाबायची नसते. तिथे दाब आला तर हात चुकीच्या जागी आहे. कोपराचं टोक समोरच्याच्या हनुवटीच्या खाली सरळ रेषेत आहे का, एवढं बघितलं तरी निम्म्या चुका दिसतात. मालिकेत लढती भरवणाऱ्या टोकुगावाच्या तळघरातल्या आखाड्यात शस्त्र सोडून सगळं चालतं, हाताने थाप मारून (टॅप करून) हार मानण्याची पद्धत तिथे जवळपास दिसतच नाही. मुलं हीच सवय घेऊन येतात. त्यांना वाटतं थाप मारणं म्हणजे भित्रेपणा.

याला उत्तर द्यायला खरी माणसं आहेत. मालिकेतल्या इगारीचा नमुना म्हणजे जपानी कुस्तीगीर अँटोनियो इनोकी. १९७६ मध्ये कराचीत इनोकी अक्रम पहिलवानाशी लढले आणि खांद्याच्या कुलपात त्याचा हात मोडला. अक्रम हा गामा पहिलवानांचा पुतण्या, इमामबक्ष यांचा मुलगा. आणि इमामबक्ष म्हणजे कोल्हापूरच्या खासबाग मैदानात लढलेले मल्ल. ब्राझिलियन जुजुत्सू आणि एमएमएत हेच कुलूप ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांच्या नावाने ओळखलं जातं, कारण त्यांनी १९५१ मध्ये ब्राझीलमध्ये एलिओ ग्रेसीचा हात याच डावाने मोडला. ग्रेसी थाप मारायला तयार नव्हते. कुस्तीच्या घरातल्या मुलाला ही साखळी सांगा, तो कान देऊन ऐकेल. मग डाव हळू लावून दाखवा: समोरच्याचं मनगट त्याच्या पाठीकडे वर नेताना खांदा एका जागी अडतो, त्यापुढची दोन बोटं अंतर म्हणजे इजा. नवशिक्यांनी अडल्या जागी तीन मोजून थांबायचं, रेटायचं नाही. आणि थाप पडली की त्याच क्षणी हात सोडायचा, गुरूने सांगण्याची वाट बघायची नाही.

पाच कैद्यांपैकी सिकोर्स्की क्षेपणास्त्राच्या खोल विहिरीतून नुसत्या बोटांच्या टोकांवर चढून पळतो. हे पाहून मुलं दाराच्या चौकटीला बोटांच्या पेरांवर लटकतात. वाढत्या वयात बोटाच्या मधल्या सांध्यापाशी याने हाड दुखावतं, आणि दुखणं बारीक असल्याने मूल महिनाभर सांगतही नाही. पकड कमवायची तर आपल्याकडे याहून चांगली गोष्ट आहे: दोरीचा मल्लखांब. तिथे पूर्ण तळहात काम करतो, पायाच्या अंगठ्याची पकड वजन वाटून घेते आणि खांदे, पोट बरोबरीने तयार होतात. जवळ मल्लखांबाचा वर्ग असेल तर आठवड्यातून एक दिवस मुलं तिकडे पाठवा.

मालिकेतला म्हातारा जुजुत्सू-गुरू गोकी शिबुकावा याच्याविषयी थोडंच. त्याचा नमुना गोझो शिओदा, योशिन्कान ऐकिदोचे संस्थापक, उंची दीड मीटरच्या आसपास. बुटक्या आणि हडकुळ्या मुलांना हा माणूस दाखवा. त्याच्या डावातला खरा भाग म्हणजे समोरच्याचं वजन एका पायावर गेल्याचा क्षण ओळखणं; जोडीदाराला नुसतं चालायला लावून, पाय टेकण्याआधी बाहीला दोन बोटांनी ओढून तो शिकवता येतो.

बाकीचा काल्पनिक प्रतिस्पर्धी हा तर थेट वापरण्याजोगा सराव. २०२१ च्या मालिकेत तो मनाने शंभर किलोचा प्रार्थनाकीटक (प्रेइंग मँटिस) उभा करून त्याच्याशी लढतो. एवढा मोठा कीटक उभाच राहू शकणार नाही, कारण लांबी वीस पट झाली की वजन आठ हजार पट होतं आणि पायांच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ फक्त चारशे पट. सातवी-आठवीच्या मुलाला हे गणित आवडतं. पण शॅडो, म्हणजे हवेत एकट्याने लढण्याचा सराव, करताना समोर नेमका माणूस बघणं फार उपयोगाचं. नियम असा द्या: दोन मिनिटांच्या फेरीआधी मुलाने सांगायचं की समोरचा डावखुरा आहे की उजवा, उंच की बुटका, आणि त्याची एक सवय. फेरी संपल्यावर जोडीदाराने सांगायचं की तो माणूस बाहेरून दिसला का. हवेत हात हलवणारं मूल लगेच ओळखू येतं.

खाण्यापिण्याचे प्रश्न येतात तेव्हा जास्त सावध राहावं लागतं. विषातून बरा झालेला बाकी हा रेत्सु काइओ या चिनी लढवय्याने वाढलेलं जेवण संपवून वर १४ किलो साखरेचं पाणी पितो, हे दृश्य मुलांना पाठ आहे. सरावात साखर-पाण्याचा उपयोग आहेच, पण मात्रा अशी: तासापेक्षा लांब सराव असेल तर लिटरभर पाण्यात ६० ते ८० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ, घोट घोट. याहून गोड पाणी पोटात अडकून राहतं, मळमळतं, जुलाब होतात. तासाच्या आतल्या क्लासला साधं पाणी पुरतं. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याच्या हॉलमध्ये क्लास असेल तर वेळच बदला. साखरेने ऊन सोसत नाही.

आणि बाकीचा सावत्र भाऊ जॅक हान्मा. उद्याचा दिवस नको, आज ताकद हवी, असं म्हणून तो स्टिरॉइड घेतो, आणि मांगा त्याला खलनायक करत नाही. कथा म्हणून ती व्यक्तिरेखा जबरदस्त आहे. पण जिममधल्या पोरांना मेफेंटरमाइनची इंजेक्शनं विकणाऱ्यांना महाराष्ट्रात पोलिसांनी पकडलेलं आहे. शस्त्रक्रियेवेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचं ते औषध आहे. धडधाकट पोराने घेतलं तर रक्तदाब आणि हृदयाचे ठोके बेफाम वाढतात. जॅक आवडतो असं सांगणाऱ्या मुलाला ओरडू नका. त्याच्याशी बोलत राहा, जिम कुठली, सोबत कोण, सप्लिमेंट कोण देतं, हे विचारा. काही वावगं कानावर आलं तर पालकांना त्याच दिवशी कळवा.

पालकांशी आणखी एका गोष्टीवर बोलावं लागेल. ही मालिका लहान मुलांसाठी नाही. डोळे, बोटं, कातडी यांची चिरफाड बारकाईने दाखवलेली आहे, आणि बाकीचा बाप युजिरो हान्मा स्त्रियांशी जसा वागतो ते दहा-बारा वर्षांच्या मुलाने एकट्याने बघावं असं अजिबात नाही. अशा वयाचं मूल ‘बाकी’विषयी विचारत असेल, तर घरच्यांना प्रोफाइलला वयाची मर्यादा लावायला सांगा. मोठ्या मुलांशी युजिरोविषयी उघड बोला: ताकद आहे, आणि तरीही त्याच्या क्लासला आपण कुणी नाव घातलं नसतं.

महिन्यातला शेवटचा शनिवार किंवा जो सोयीचा असेल तो तास यासाठी ठेवावा, एवढीच मागणी आहे. मुलांना आधी सांगायचं की एक दृश्य निवडून या. क्लासमध्ये ते फोनवर बघायचं, मध्येच थांबवायचं, आणि विचारायचं: इथपर्यंत खरं, की इथून पुढे नाही? मग मॅटवर जाऊन जेवढं सुरक्षित आहे तेवढं करून बघायचं. फोन, चिकटपट्टी, मोजपट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी, एवढं सामान पुरतं. पंधराहून जास्त मुलं असतील तर दोन गट करा, कारण गळा आणि सांध्याचे डाव चालू असताना एका प्रशिक्षकाची नजर तीन-चार जोड्यांपलीकडे पोचत नाही. कुठलं दृश्य घेतलं, कुणी काय विचारलं, कुठे अडलं, हे वहीत लिहून ठेवा आणि शेजारच्या गावातल्या प्रशिक्षकाशी ती वही अदलाबदल करा. माख ठोशापासून सुरुवात केलीत तर पहिल्याच तासाला सगळी मुलं हजर असतील.

आपले,
‘बाकी’ वाचणारे आणि मॅटवर शिकवणारे काही जण